हिराचंदशेठांची भाकरी

संपादकांनी मला दोनदा बजावलं आहे की दिवाळीचा अंक आहे, तेव्हा वाचणाऱ्याचं तोंड गोड होईल असं काहीतरी लिहा. त्यांनी माणूस चुकीचा निवडला. उभा जन्म मी जुन्नरात लोकांची तोंडं कडूच केली, आणि ज्यांनी ती करू दिली नाहीत ते बरेचसे लवकर गेले.

वैद्याचं काम म्हणजे पुड्या बांधणं अशी लोकांची समजूत असते. पुड्या आमची मंडळीही बांधायची, आणि माझ्यापेक्षा नीट बांधायची. खरं काम पथ्याचं. औषध रोगी सकाळ-संध्याकाळ घेतो, तोंड मात्र दिवसभर चालू असतं. शिवाय त्या तोंडामागे आख्खं घर उभं असतं. आई असते, बायको असते, व्याही असतात, आणि 'एवढ्याशानं काय व्हतंय' म्हणणारा शेजारी तर असतोच. वैद्य एकटा आणि समोर सगळी भावकी, अशी ती लढाई असते.

मधुमेहात ती सगळ्यात अवघड. आता यावर टोचायचं औषध निघालंय, पुण्यात मिळतं म्हणे. मी सांगतोय ते प्लेगची पहिली लाट ओसरल्यानंतरचं. तेव्हा काहीच नव्हतं. माणूस घागरभर पाणी प्यायचा, घागरभर बाहेर टाकायचा, पोटभर खाऊन वाळत जायचा, आणि शेवटी एखादी क्षुल्लक जखम त्याला घेऊन जायची. आमची परीक्षा मुंग्यांची. रोगी परसात जिथं लघवीला बसतो तिथं मुंग्या लागल्या की रोग आहे, पथ्य पाळलं की मुंग्या उठतात. मुंगी लाच खात नाही. रोगी मात्र काय वाटेल ते करतो. एका गृहस्थांनी मी जायच्या आधी त्या जागेवर हळद आणि राख पसरून ठेवली होती. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "वैदबुवा, तुमीच म्हणला व्हता ना, मुंग्या गेल्या पायजेत?"

पोथीत या रोगाला जव सांगितलेले आहेत. मी पुष्कळांना दिले. माझा अनुभव असा की जवाच्या तीन भाकऱ्या खाल्ल्या तरी मुंग्या परसातून हलत नाहीत. म्हणून मी पुढं पुढं धान्यच तोडायला लागलो. गहू, बाजरी, तांदूळ, जव, सगळंच. लोक म्हणायचे, वैदाला वेड लागलंय.

वारूळवाडीचे एक पाटील होते. चांगली बागायत, भरलं घर. त्यांना मी ओसरीवर बसूनच सांगितलं, धान्य बंद. महिन्यानं गेलो तर माणूस निम्मा झालेला, आणि तहान दुप्पट. पाटलीणबाईंना विचारलं तर त्या हात जोडून म्हणाल्या, "आमी सगळ्या घरानंच धरलं मालकांच्या जोडीनं. देवाशपथ, दाणा शिवला न्हाई कुनी." मग खाता काय? तर रताळी, वरीचे तांदूळ, शिंगाड्याची लापशी, केळी, आणि अशक्तपणा आला म्हणून वर खजूर. एकादशीला चालतं ते धान्य नव्हे, हे त्या घरात कुणाला विचारायची गरजच पडली नव्हती. एकादशी आणि दुप्पट खाशी, तीही रोज. मी तिथं चिडून खूप बोललो. त्या बाईंनी एका शब्दानं उलट उत्तर दिलं नाही. पाटलांना ती दिवाळी दिसली नाही.

तेव्हापासून काय खाऊ नका हे सांगून उठायची रीत मी सोडली. थेट चुलीपाशी जाऊन बसायचं, डबे उघडायला लावायचे, आणि काय खायचं ते सांगायचं. वैद्य चुलीपाशी आलेला बायकांना आवडत नाही. मला तरी कुठं आवडत होतं?

आता हिराचंदशेठांचं सांगतो.

शेठ जुन्नरच्या पेठेतले कापडवाले. वाडवडील मारवाडातून आलेले, जैन. शेठांचा जन्म मात्र इथला आणि बोलणंही इथलंच. शेठाणी प्लेगात गेल्या, तेव्हापासून घर त्यांची विधवा थोरली बहीण केसरबाई चालवायची. शेठ मऊ बोलायचे, पण एकदा नाही म्हणाले की नाहीच. त्यांना नवा जोडा चावला आणि डाव्या अंगठ्याला फोड आला. फोड फुटला, चिघळला, अंगठा काळा पडायला लागला. पुण्याला नेलं. तिथल्या साहेब डॉक्टरांनी निदान बरोबर केलं, पथ्यही निम्मं बरोबर सांगितलं. धान्य आणि साखर पूर्ण बंद करा, त्याची शरीरात साखरच होते. त्याऐवजी अंडी खा, मांसाचा रस घ्या. काळं घोट्याच्या वर चढलं तर पाय कापावा लागेल, आणि कापलेली जखम तरी भरेल याचा भरवसा नाही.

शेठ जुन्नरला परत आले. मला बोलावून म्हणाले, "वैदबुवा, पाय जाऊ द्या. जीव जायचा असंल तर तोबी जाऊ द्या. पर अंडं न्हाई खायचं."

"अंडं कोण देतंय तुम्हाला?" मी म्हणालो. "पण भाकरीही नाही द्यायची."

"मग खाऊ काय?"

मी नुसतं 'बघतो' म्हणालो आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसलो.

आषाढ संपत आला होता. जैनांचा चौमासा बसलेला. मी एकेक पदार्थ म्हणायचो आणि केसरबाई मान हलवायच्या. मेथी, चाकवत? चौमाशात पालेभाजी नाही. तीळ? ते होळीपासूनच बंद. लोणी, मध? ते तर कधीच नाही. कांदा-बटाटा जमिनीखालचा म्हणून बाद, त्याचं मला काही दुःख नव्हतं. शेवटी मी म्हणालो, निदान दुधी, पडवळ, कारली?

"चालतील की. पर पंचमी, आठम, चौदसला न्हाई. त्या दिवशी हिरवं काईच न्हाई."

"मग त्या दिवशी खाता काय?"

"डाळ-रोटी. बेसनाचे गट्टे. पापड."

"म्हणजे धान्य, धान्याबरोबर धान्य, आणि तोंडी लावायला धान्य."

केसरबाई हसल्या नाहीत. त्या फार कमी हसायच्या. खांबाला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "वैदबुवा, तुमी धर्म बाजूला ठेवा म्हणत न्हाई ना?"

"नाही म्हणत. म्हटलं तर तुम्ही मला हाकलाल."

"मग माज्यावर सोडा. आमच्या मारवाडात हिरवं असतंय कुटं? तरी माणसं जगत्यातच की."

त्या उठल्या आणि वरच्या फळीवरून दोन डबे काढून माझ्यापुढं ठेवले. एकात वाळलेल्या शेंगा होत्या, दोऱ्यासारख्या बारीक. दुसऱ्यात मिऱ्यापेक्षा थोडी मोठी वाळकी फळं. सांगरी आणि केर. वाळवंटातल्या झाडाझुडपांना लागतात, ती वाळवून ठेवतात, आणि तिकडचे नातेवाईक कुणी आलं-गेलं की पाठवतात. हिरवी नाहीत म्हणून तिथीलाही चालतात. रात्रभर भिजवायची आणि तुपात परतायची. मी एक शेंग चावून पाहिली. पीठ नाही, गोडी नाही, नुसता चोथा आणि तुरटपणा. मला इतका आनंद झाला की मी उरलेली शेंगही खाल्ली.

मग मांडणी झाली. दूध नासवून त्याचा चोथा तुपावर भाजायचा, जिरेमिरे घालून. दही टांगून त्याचा चक्का. दुधी, दोडका, पडवळ, कारलं. मेथीदाणे उकळून कडू पाणी काढून टाकून त्यांची भाजी. त्या ती नेहमी खारीक घालून करायच्या, मी खारीक काढून डब्यात परत ठेवायला लावली. भुईमुगाच्या शेंगा मूठभर. तूप मोकळ्या हातानं, कारण धान्य काढलं की पोटाला धरणारं तूपच उरतं.

आणि रोज सकाळी मी जाऊन शेठांच्या पायावर काजळाची रेघ ओढायचो. जिथं काळं संपतं आणि कातडी सुरू होते तिथं रेघ. दुसऱ्या दिवशी काळं रेघेच्या पलीकडे गेलं की नाही ते पाहायचं. सुरुवातीला ते रोज पलीकडे जायचं. अंगठा गेला होता, आता शेजारचं बोट. मी रेघ पुसून पुढं ओढायचो तेव्हा केसरबाई दारात उभ्या असायच्या. त्या काही विचारायच्या नाहीत. माझा हात घोट्याच्या दिशेनं किती सरकला तेवढं बघायच्या आणि आत जायच्या. घोटा आता चार बोटांवर आला होता. त्या दिवसांत मला जेवण जात नव्हतं. साहेब डॉक्टरांचं ऐकून पाय वेळेवर कापला असता तर बरं, असं माझ्या मनात यायचं. मी ते बोललो नाही. बोललो असतो तर त्या घराचा धीर सुटला असता.

शेठ कुरकुर करत नव्हते. पंगतीला दुसरे लोक असले की पाठ फिरवून जेवायचे, एवढंच.

एका सकाळी रेघ होती तिथंच होती. मला खरं वाटेना, मी दिवा जवळ आणून पाहिलं. दुसऱ्या दिवशीही तिथंच. मग काळ्याच्या कडेनं लालसर मांस दिसायला लागलं, मेलेली दोन्ही बोटं कोरडी होऊन सुटली, आणि परसातल्या मुंग्या गेल्या. कुणी हळद टाकलेली नाही ना, हे मी वाकून पाहिलं. केसरबाई तेव्हा पहिल्यांदा हसल्या.

माझं काम झालं असं मला वाटलं. तिथंच खरी कसोटी सुरू झाली.

पर्युषणाचा शेवटचा दिवस होता. जैनांत हा मोठा दिवस, सगळे उपवास करतात आणि वर्षभराच्या अपराधांची क्षमा मागतात. मी ओसरीवर रोगी बघत होतो. एवढ्यात केसरबाई चालत आल्या, एकट्या, डोक्यावरचा पदर घसरलेला. कधी कुणाच्या घरी न जाणारी बाई.

"वैदबुवा, चला. हिरा आज तूप, दूध, दही जन्माचं सोडतोय."

मला कळेना. "का म्हणून?"

"पाय वाचला म्हणून. उपकार फेडायला कायतरी त्याग करावा म्हणतोय. महासतीजींपुढं पच्चखाण घेणार हाय."

पच्चखाण म्हणजे साधू किंवा साध्वीपुढं हात जोडून घेतलेला त्यागाचा नियम. जैन माणूस जीव गेला तरी तो मोडत नाही. आणि त्याग म्हटला की सोडायचं काय, हेही ठरलेलं. तूप, दूध, दही, तेल, गूळ, तळण, यांना ते विगय म्हणतात, जिभेला चेतवणारे पदार्थ. सोडायचे तर ते. कोरडी रोटी कुणी सोडत नाही, ती तर साधूही खातो. म्हणजे ज्या तुपा-दुधावर मी त्या माणसाला तगवला होता तेच तो देवाला देऊन टाकणार, आणि उरणार नुसतं धान्य. अंडं खायला नको म्हणून पाय द्यायला तयार झालेला माणूस. त्याच्या तोंडून एकदा शब्द गेला असता तर तो परत आणणारं कुणी नव्हतं.

रोगी तसेच सोडून मी निघालो. पेठेतून आम्ही जवळजवळ पळतच गेलो. स्थानक म्हणजे साध्वी चौमाशात उतरतात ती जागा. आत माणसं दाटीवाटीनं बसलेली. पुढं पांढऱ्या वस्त्रातल्या वृद्ध साध्वी, त्याच महासतीजी, तोंडाला पट्टी. आणि त्यांच्यासमोर शेठ, लंगडा पाय सांभाळत उभे राहिलेले, हात जोडलेले.

मी परक्या धर्माचा माणूस. तिथं मध्ये बोलणं शोभत नव्हतं. तरी मी दारातूनच ओरडलो, "शेठ, थांबा."

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. मी तिथल्या तिथं सांगितलं, या माणसानं तूप-दूध सोडलं तर दिवाळीपर्यंत पाय जाईल आणि मागोमाग माणूस. सोडायचंच असेल तर धान्य सोडा, गूळ-साखर सोडा, त्याचं पच्चखाण द्या.

महासतीजी शांतपणे म्हणाल्या, "वैद्यजी, शरीर वाचवण्यासाठी जे सोडायचं त्याला त्याग म्हणत नाहीत. ते पथ्य. पथ्य तुम्ही द्या. आमच्याकडे त्याचं पच्चखाण नाही."

त्यांचं म्हणणं खरं होतं, हेच वाईट. शेठ पुन्हा पुढं वळले आणि त्यांनी हात जोडले.

तेव्हा केसरबाई बायकांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. एवढ्या माणसांत त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"महासतीजी, एक इचारू द्या. हिराला तुपाची हौस कधीच नव्हती. ल्हानपणी आई वाढायची तर ताटाखाली सांडायचा. ते सोडण्यात त्याचं जातंय काय? त्याला इचारा, काय सोडवत न्हाई."

महासतीजींनी शेठांकडं पाहिलं. "सांगा. काय सोडताना जीव अडकतो?"

शेठ खाली बघत म्हणाले, "भाकर. बाजरीची." आणि मग लहान मुलासारखे रडायला लागले. पुण्याचे डॉक्टर पाय कापायचं बोलले तेव्हा न रडलेला माणूस.

"मग ती सोडाल?"

शेठांनी आधी केसरबाईंकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझा राग आला होता त्यांना, हे मला स्पष्ट दिसलं. तरी ते म्हणाले, "सोडतो. सगळं धान्यच सोडतो. जन्माचं द्या."

महासतीजींनी पच्चखाण दिलं. दोन-चार वाक्यांचं काम. मी वर्षभर घसा कोरडा करून जे झालं नसतं ते त्या दोन-चार वाक्यांनी झालं.

शेठांचा पाय भरला. दोन बोटं कमी, पण कुकडी नदी ओलांडून लेण्याद्रीच्या पायथ्यापर्यंत रोज चालत जायचे आणि परत यायचे. लग्नकार्यात व्याह्यांनी कितीही आग्रह केला तरी 'पच्चखाण हाय' एवढं म्हणायचे, आणि आग्रह करणाराच कानाला हात लावायचा. मी मात्र आयुष्यभर बाकीच्यांच्या घरी जाऊन डोकं फोडत राहिलो. आण्याच्या पठारापासून मंचर-घोडेगावपर्यंत माझे असे कितीतरी रोगी होते. पच्चखाण नसल्यामुळं त्यातले बहुतेक पुन्हा भाकरीकडं वळले, आणि गेले. हिराचंदशेठ पुढं पुष्कळ वर्षं जगले. मी कुठंही बसलो की त्यांचं उदाहरण द्यायचो. बढाईच होती ती.

मग ती तापाची मोठी साथ आली, जिच्यात घरटी माणूस गेलं. शेठांच्या छातीत कफ भरला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला कळलं की आता काही होत नाही. दुपारची वेळ होती. शेठ वातात बडबडत होते, कापडाचे भाव, कुणाकुणाची नावं. मधेच अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, "बाई, भाकर दे." बहिणीला ते बाई म्हणत. पुन्हा म्हणाले. पुन्हा.

केसरबाई उशाशी होत्या, खूप थकलेल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"द्या," मी म्हणालो. "आता कशानं काही बिघडत नाही."

"ते तुमचं झालं, वैदबुवा. शुद्धीत असता तर त्यानं मागितली असती का?"

नियम मीच ओढून आणला होता. त्याला कडी आतून होती, ती माझ्या हातानं निघणारी नव्हती.

त्या उठून आत गेल्या. थोड्या वेळानं भाकरी थापल्याचा आवाज आला. मला बरं वाटलं, म्हटलं बाईंना पाझर फुटला. त्या गरम भाकरी पितळीत घेऊन आल्या, भावाजवळ बसल्या, भाकरी मधोमध मोडली. वाफ निघाली. ती त्यांनी शेठांच्या तोंडाजवळ धरली, ओठांना लागणार नाही एवढी लांब.

"वासानं पच्चखाण मोडत न्हाई ना?" त्यांनी मला विचारलं.

असलं काही माझ्या पोथीत नव्हतं. मी ठामपणे सांगितलं, "नाही मोडत."

शेठांनी डोळे मिटूनच वास घेतला. लांब, सावकाश, पुन्हा पुन्हा. बडबड थांबली. भाकरी गार होईपर्यंत केसरबाईंनी हात तसाच धरून ठेवला होता.

दिवस मावळायच्या आत शेठ गेले. मी घरी येऊन आंघोळ केली. आमच्या मंडळींनी ताट वाढलं. पिठलं होतं, बाजरीची भाकरी होती. हात भाकरीकडं गेला नाही, मी नुसतं पिठलं खाऊन उठलो.